अठ्ठावीस इंचांचा ओटा

रविवारी सॅम्पल फ्लॅटच्या दाराशी जशा चपला साचतात ना, तसे माझ्याकडे किस्से साचलेत. कोणाची कुठली, कोण कोणाची घालून गेलं, काही पत्ता लागत नाही. हल्ली कुणी घरी जेवायला आलं की माझा नवरा आधीच सांगून ठेवतो, "हिला ऑफिसबद्दल विचारू नका, वरण थंड होईल." तो रोज फॅक्टरीच्या बसने मंडीदीपला जातो आणि येतो. मशीन सोडून त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही, म्हणून जळतो मेला माझ्यावर!

मी भोपाळला कोलार रोडवरच्या एका नव्या हाउसिंग प्रोजेक्टच्या साइट ऑफिसात काम करते. नाव नाही सांगत, उगाच आमच्या बिल्डर सेठजींचा फोन यायचा. आठ मजले, अठ्ठेचाळीस फ्लॅट. सेठजींच्या डोक्यात एकदा आलं की घरं लोकांना विचारून बांधायची. "जनता बताएगी, हम बनाएँगे!" लगेच गेटवर बॅनर लागला. दर रविवारी लोकांनी यायचं, सॅम्पल फ्लॅट बघायचा आणि बाहेरच्या टेबलावर रजिस्टरात आपलं मत लिहायचं. टेबलामागे मी, पाध्ये मॅडम.

सोमवारी सकाळी सेठजी त्यातल्या पसंत मतांवर टिक करायचे आणि मी ती गुलाबी पर्चीवर उतरवून साइटवर पाठवायची. पर्चीवर दोनच रकाने होते, बदल काय आणि फ्लॅट नंबर काय. नंबर रिकामा असला की बदल सगळ्या बिल्डिंगीला लागू. साइटवर सेठजींची ताकीद होती, "पर्ची में जो लिखा है वही बनेगा। दिमाग मत लगाना।" ही पर्ची जरा लक्षात ठेवा.

*

पहिल्याच महिन्यात स्विमिंग पूलचा विषय निघाला. पान उलटावं तिथे पूल! सगळ्यांना पूल हवा. सेठजींनी मला विचारायला लावलं की पोहता कोणाकोणाला येतं. आलेल्या तेवढ्या गर्दीत एक हात वर झाला, तोसुद्धा एका सत्तरीच्या आजोबांचा. "लहानपणी कृष्णेत पोहायचो," म्हणाले. बाकी सगळे भोपाळचे, उशाशी एवढा मोठा तलाव, आणि कोणी गुडघ्याच्या वर पाण्यात गेलेलं नाही.

संध्याकाळी रजिस्टर आवरताना एका ताईंचं मत वाचलं. सुंदर अक्षरात लिहिलं होतं, "पूल ज़रूर होना चाहिए। बस उसमें पानी न हो, बच्चे गिर जाते हैं।"

सेठजींनी त्यावरसुद्धा टिक केली हो! आज आमच्याकडे निळ्या टाइल्सचा एक सुंदर खड्डा आहे. त्यात गरबा होतो.

*

अशोका गार्डनहून एक गृहस्थ यायचे. एकटेच. स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, हातात छत्री. तीन रविवार आले, तिन्ही वेळा सॅम्पल फ्लॅटच्या बेडरूममध्ये जाऊन नुसते उभे राहिले आणि काहीच न लिहिता गेले. चौथ्या वेळी मी म्हटलं, "अंकल, कुछ तो राय दीजिए।"

ते म्हणाले, "यहाँ शांति बहुत है।"

मी म्हटलं, "वही तो हमारी अमेनिटी है!" ब्रोशरमध्ये पहिल्या पानावर तेच छापलंय ना.

ते म्हणाले, "हमारा घर पटरी के पास है। मिसेस ने सब गाड़ियों से बाँध रखा था। सुबह वाली निकली तो बीपी की गोली, दोपहर वाली पे खाना, शाम वाली पे चाय। अब वो नहीं हैं, तो गाड़ियाँ ही बता देती हैं।" मग खिडकीबाहेर बघून त्यांनी मला विचारलं, "यहाँ कौन बताएगा?"

मी ब्रोशर मिटून बाजूला ठेवलं. एरवी माझ्या तोंडाला कुलूप लागत नाही, विचारा कोणालाही. त्यांनी फ्लॅट घेतला नाही, बरंच झालं.

*

वैद्य काका-काकू पहिल्यांदा आले तो रविवार मला कपड्यांसकट आठवतो. काका सहा फुटी, ताठ. मूळचे साताऱ्याचे, इथे भोपाळच्या कारखान्यात फोरमन म्हणून रिटायर झालेले. काकू ग्वाल्हेरच्या, इतक्या ठेंगण्या की आधी मला काकाच दिसले आणि मग त्यांच्या मागून आवाज आला, "अहो, सरका ना, मला पण बघू द्या!"

तीनशे चार नंबर त्यांनी बुक केला होता. क्वार्टर सुटल्यापासून भाड्याच्या घरात होते. माझं लहानपणही त्याच कारखान्याच्या क्वार्टरांमधलं, त्यामुळे पाच मिनिटांत ओळखी निघाल्या. मी "मॅडम"ची "अगं वंदना" झाले.

काकूंनी हॉल बघितला नाही, बाल्कनी बघितली नाही. थेट किचनमध्ये गेल्या आणि ओट्याशी उभ्या राहिल्या. ओटा त्यांच्या छातीला लागला. आमचा आर्किटेक्ट होता तिथे, इंदूरचा मराठी मुलगा. तो म्हणाला, "काकू, स्टँडर्ड हाइट आहे ती. चौतीस इंच. मैं बता रहा हूँ ना, सगळ्यांना चालते."

"सगळ्यांना चालत असेल रे बाबा," काकू म्हणाल्या, "मी सगळ्यांत बसत नाही. क्वार्टरमध्ये पण असाच होता. लग्नातला पाट घेतला आणि त्यावर उभी राहिले. चौतीस वर्षं पाटावर उभं राहून पोळ्या लाटल्या. दोनदा पडले, एकदा हात मोडला. भाड्याच्या घरात पण तोच पाट. आता सच्ची सांगते, मला जमिनीवर उभं राहून एक पोळी लाटायची आहे. बाकी तुमचं ते जिम-बिम काही नको मला."

काका म्हणाले, "बघा, एवढं आयुष्य गेलं, हिची उंची वाढेल म्हणून वाट बघितली."

"कमी नाहीये माझी उंची! साडेचार फूट आहे!"

"अंबाडा धरून," काका म्हणाले.

सगळे हसलो. ओट्यांचं काम करणारा हरीराम मिस्त्री टेप घेऊन आला. त्याने काकूंना चपला काढून फरशीवर उभं केलं, कोपरात हात वाकवायला लावला, पोळपाटाचा अंदाज धरला आणि कोपराच्या खाली एक पंजा मोजून भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली. "अठ्ठाईस इंच, अम्माजी।" काकूंनी त्या रेघेवर हात ठेवून पाहिला. लाटणं फिरवल्यासारखा हवेत फिरवलासुद्धा.

सोमवारी सेठजींनी टिक केली. काकूंनी दिलेला बेसनाचा लाडू माझ्या तोंडात होता आणि फोन वाजत होता. मी पर्चीवर लिहिलं, "किचन प्लॅटफॉर्म अठ्ठावीस इंच." फोन घेतला, बोलले, पर्ची पाठवली. नंबरचा रकाना रिकामाच राहिला.

*

मधला एक सांगते, तो हसायचा नाही.

जुन्या शहरातून एक म्हातारी आली होती लेकासोबत. लेक सॅम्पल फ्लॅटमध्ये फिरून "वाह, वाह" करत होता. ती बाहेर माझ्या टेबलाशी मांडून ठेवलेल्या मॉडेलजवळ थांबली होती. काचेच्या पेटीत अख्खा प्रोजेक्ट, झाडं, गाड्या, चिमुकली माणसं. तिने काचेवर बोट ठेवून विचारलं, "ये गेट किधर खुलता है, बेटी? अंदर को या बाहर को?"

मी म्हटलं, "अंदर को, अम्मा।"

"बाहर को करवा दो। भीड़ आ जाए तो अंदर वाला नहीं खुलता।"

बस, एवढंच. ती कोणत्या गर्दीबद्दल बोलते आहे हे भोपाळमध्ये कोणाला विचारावं लागत नाही. गॅसच्या रात्री मी तिसरीत होते. आमची क्वार्टरं वाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला होती, म्हणून मी आज इथे बसून किस्से सांगते आहे. रजिस्टरात तिला लिहिता येत नव्हतं, मीच लिहिलं. सेठजींनी ते पान वाचलं, चष्मा काढला आणि टिक केली. ते जुन्या शहरातलेच.

ती पर्ची मात्र मी तीनदा तपासून पाठवली होती.

*

आणि मग एक दिवस इंजिनिअर साइटवरून धावत आला. "मॅडम, ये अड़तालीस के अड़तालीस प्लेटफॉर्म अट्ठाईस इंच पे क्यों हैं?"

त्याच्या हातातली गुलाबी पर्ची घेऊन बघितली, अक्षर माझं आणि नंबर नाही! आठ मजल्यांवर ग्रॅनाइट बसून गेलेलं. हरीरामला विचारलं तर तो म्हणाला, "मैडम, हमको तो लगा था एक अम्माजी के लिए है। पर पर्ची में…" पुढचं त्याने बोलायची गरज नव्हती.

सेठजींपुढे मी उभी राहिले तेव्हा नोकरी गेली असंच धरून चालले होते. सेठजी म्हणाले, "तोड़ेंगे तो पज़ेशन और लटकेगा। ब्रोशर में लिखो, भारतीय नारी के लिए ख़ास किचन।" असा माणूस! मी कोणाला काही सांगायचं नाही असं ठरलं. मीही गप्प बसले. भित्री आहे मी, आज कबूल करते.

पण काकूंना सांगितलं. त्यांना लपवणं जमलं नाही. तोवर त्यांची तब्येत उतरली होती, हार्टचं दुखणं निघालं होतं, अंबाडा केवढासा झाला होता. मी त्यांच्या भाड्याच्या घरी जाऊन रडत सगळं सांगितलं. काकू हसायलाच लागल्या. खोकला येईपर्यंत हसल्या.

"म्हणजे अख्ख्या बिल्डिंगीला माझी उंची?"

"हो काकू."

"अहो, ऐकलं का! अठ्ठेचाळीस बायका आता तुमच्या बायकोच्या मापाने पोळ्या लाटणार! आणि तुम्ही म्हणे अंबाडा धरून!"

काका पाणी घेऊन आले. म्हणाले, "बास आता, हसू नकोस, डॉक्टरांनी काय सांगितलंय?" पण तेही हसत होते.

काकूंनी माझा हात धरला. "वंदना, मला एकदा ने ना गं तिथे. गॅस नको, पाणी नको, काही नको. नुसती उभी राहते ओट्याशी. बघते कसं वाटतं."

लिफ्ट अजून बसली नव्हती आणि डॉक्टरांनी जिना बंद केला होता. हरीरामच्या कानावर गेलं तर तो म्हणाला, चार जण खुर्चीवर बसवून अम्माजींना वर नेतो, काय मोठं. मी तसं काकूंना विचारलं. त्यांनी मान हलवली. "खुर्चीवर बसून ओट्याशी जाऊ? मग तो पाट काय वाईट होता? नाही. लिफ्ट होऊ दे, माझ्या पायाने जाईन."

*

आता लिफ्टचं ऐका, आणि मला राग आला तर येऊ द्या.

लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत मंदिर हवं असं मत आलं. छान. मग दुसरं मत आलं की लिफ्टचं दार उघडलं की लोक कचऱ्याच्या पिशव्या घेऊन देवाच्या समोर येणार, ते चालणार नाही. तिसरं मत आलं की मंदिर तिथेच राहू दे, लिफ्ट हलवा! कोणी वास्तूचा माणूस आणला, त्याने होकायंत्र काढलं. कोणी म्हणालं, दाराला पडदा लावा. कोणी विचारलं, पडदा लिफ्टला लावायचा की देवाला? सेठजी म्हणाले, "जनता बताएगी।" तीन रविवार जनता भांडली. लिफ्ट बसवणारी माणसं आठवडाभर विड्या ओढत बसली आणि मग इंदूरच्या दुसऱ्या कामावर निघून गेली.

तिसऱ्या मीटिंगला काका उठले. त्यांना कधी चार माणसांत बोलताना मी पाहिलं नव्हतं. त्यांचं हिंदी भोपाळमध्ये इतकी वर्षं काढूनही साताऱ्याचंच होतं.

"भगवान को किधर भी बिठाओ," काका म्हणाले, "वो तक्रार नहीं करेगा। मगर लिफ्ट चालू करो। मेरी मिसेस को तीसरे माले पे जाना है। उनको अपना ओटा देखना है।"

मग मागून एकजण म्हणाला, "अंकल, सभी को अपना-अपना घर देखना है। सिस्टम से चलने दीजिए।"

काका "सॉरी" म्हणाले आणि बसले. सॉरी म्हणाले हो! मी टेबलामागे होते, माझ्या हातात पेन होतं, मी मिनिट्स लिहीत होते. लिहिलं, "श्री. वैद्य यांनी लिफ्टबाबत मत मांडलं."

अखेर मंदिर बागेत गेलं, जिथे ते पहिल्या दिवशीच जाऊ शकलं असतं. लिफ्टवाले परत आले. त्यांनी सांगितलं, सोमवारी अकरा वाजता चालू करून देतो. मी काकूंना फोन केला. "सोमवार, अकरा वाजता, काकू. मी गेटवर उभी राहते."

"नऊवारी नेसू की साधी?" काकूंनी विचारलं.

"नऊवारी नेसा," मी म्हटलं.

शुक्रवारी सकाळी काकू गेल्या.

*

सोमवारी मी ऑफिसला गेले तेव्हा लिफ्टला हार घातला होता, नारळ फोडत होते. पेढे वाटत होते, मी माझा टेबलावर ठेवला. अकराला पाच कमी असताना गेटवर रिक्षा थांबली आणि काका उतरले. पांढरा शर्ट. हातात कापडी पिशवी.

मी धावत गेले. "काका, तुम्ही कशाला आज…"

"वेळ दिली होती ना तुम्ही अकराची," ते म्हणाले.

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. तीनचं बटण काकांनी दाबलं. वर गेलो, कुलूप मी काढलं. फ्लॅटमध्ये सिमेंटचा वास होता, नळ बसायचे होते. काका किचनमध्ये गेले. ओटा त्यांच्या अर्ध्या मांडीच्या जरा वरपर्यंत येत होता. त्यांनी पिशवीतून पोळपाट काढला, लाटणं काढलं आणि ओट्यावर ठेवलं.

"गुरुवारीच भरून ठेवली होती तिने ही पिशवी," म्हणाले. "नुसतीच उभी राहून काय करू, म्हणाली. लाटून बघते, म्हणाली. कणीक नसली तरी."

मला रडू आवरलं नाही. मी काय त्यांची कोणी लागत नव्हते, पण भिंतीला टेकून रडले. काकांनीच मला पाणी दिलं, बाटलीतलं. पोळपाट तिथेच ठेवून आम्ही खाली आलो.

*

पझेशन झालं, चाव्या मिळाल्या. लोक राहायला आले आणि जी ओरड सुरू झाली, विचारू नका! सकाळी ऑफिस उघडायच्या आधी बायका दारात. कोणाची कंबर धरली, कोणाला बेल्ट लागला, कोणाच्या सासूने स्वयंपाकच सोडला. ब्रोशरमधली भारतीय नारी सेठजींना भारी पडली. एक नवरा लिहून गेला, "भांडी घासायला वाकलो तो अजून सरळ झालो नाही." हे एक मराठीत होतं, बाकी सगळ्या शिव्या हिंदीत.

एकदा तीनशे पाचच्या मिश्रा भाभी आल्या. उंच बांध्याच्या, रागीट, मनाने चांगल्या. रजिस्टर आपटून म्हणाल्या, "मैडम, सच बताओ, ये किस बौनी के नाप से बनाया है?"

आणि त्यांच्या मागे वैद्य काका उभे होते. हातात भाजीची पिशवी, मेथी वर आलेली. लाइटबिलाचं काही विचारायला आले असावेत. त्यांनी ऐकलं. मी बघितलं त्यांनी ऐकलेलं.

मी उभी राहिले. इतके महिने जे बोलले नव्हते ते बोलले, सगळ्या बायकांसमोर. "भाभी, ग़लती मेरी है। एक ही फ्लैट का बदलना था। मैंने नंबर नहीं लिखा। जो बोलना है मुझे बोलिए।"

मिश्रा भाभी म्हणाल्या, "आपकी?"

"हाँ, मेरी।"

काका वळले आणि लिफ्टकडे गेले. लाइटबिलाचं विचारलंच नाही.

त्या दिवशी मी सेठजींकडे गेले आणि म्हटलं, ओटे उंच करून द्या नाहीतर माझा राजीनामा घ्या. सेठजींनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं घेतलाच राजीनामा. मग म्हणाले, "इस बार पर्ची ठीक से बनाना।"

*

बनवली. अशी बनवली की पर्चीनेही नाव काढावं! आता चार रकाने केले. फ्लॅट नंबर. स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीचं नाव. तिची उंची. सही. प्रत्येक घराच्या मापाने ओटा होणार. घरोघर मी स्वतः फॉर्म द्यायला गेले, कोणावर विसंबले नाही.

तीनशे चारची बेल वाजवली तेव्हा दार उघडंच होतं. काका चहा करत होते. सहा फुटांचा माणूस त्या ओट्यावर इतका वाकला होता की मला आधी पाठच दिसली. एक हात ओट्यावर टेकलेला, दुसऱ्या हाताने गाळणं धरलेलं. कोपऱ्यात तो पाट भिंतीला उभा करून ठेवला होता. पोळपाट-लाटणं होतं तिथेच होतं.

"बसा, वंदनाताई. तुम्हालाही ठेवतो."

मी म्हटलं, "काका, तुमचा ओटा सगळ्यांत आधी करून देते. हरीरामला सांगून ठेवलंय. पाठीला किती त्रास होत असेल."

काकांनी फॉर्म घेतला, चष्मा लावून नीट वाचला, चारही रकाने. "भरून देतो," म्हणाले. चहात साखर जास्त पडली होती. काकू कमी घालायच्या.

दोन दिवसांनी सगळे फॉर्म आले. साइटवर नवा इंजिनिअर होता, त्याला आधीचं काही ठाऊक नव्हतं. तो माझ्या टेबलाशी उभा राहून एकेक फॉर्म वाचत होता, शेजारी हरीराम टेप घेऊन. तीनशे चारच्या फॉर्मवर इंजिनिअर थांबला.

"मैडम, ये ग़लत भरा है। यहाँ तो एक अंकल अकेले रहते हैं ना? लंबे वाले?"

मी फॉर्म हातात घेतला. काकांचं फोरमनचं अक्षर, सरळ, ठसठशीत. स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीचं नाव: सौ. कुसुम वैद्य. उंची: साडेचार फूट, अंबाडा धरून.

खाली सही. सगळे रकाने भरलेले होते.

इंजिनिअर म्हणाला, "वापस भेज दूँ?"

हरीरामने माझ्या हातातून फॉर्म घेतला, तो वाचला आणि घडी घालून बाकीच्या फॉर्ममध्ये ठेवला.

"साहब," तो म्हणाला, "पर्ची में जो लिखा है वही बनेगा।"

आणि टेप उचलून तो तीनशे पाचकडे गेला.